नदीकाठची नौकाघरे

भाईंदरहून विरारकडे जाणारी लोकल गाडी पुलावर चढली, की डब्यातील बरेच प्रवासी खिडकीकडे वळतात. खाली वसईची खाडी पसरलेली असते. पाण्यावर कुठे एखादी होडी दिसते, तर कुठे चिखलात टेकलेला मचवा दिसतो. ही खाडी म्हणजे उल्हास नदीचे समुद्राकडचे टोक होय. कर्जत-कल्याणकडून येणारी उल्हास नदी ठाण्याजवळ दोन वाटांनी जाते. त्यांपैकी उत्तरेकडची वाट घोडबंदर आणि भाईंदरवरून वसईजवळ समुद्राला मिळते. खाडीतल्या पाणजू बेटावरील लोकांचे येणे-जाणे कित्येक वर्षे होडीनेच होत आले आहे. उत्तन-चौकचे कोळी बांधव तर होडीशिवाय पोट भरण्याची कल्पनाच करू शकत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाली. तिच्यातून माणसांबरोबर मोटारी आणि स्कूटरही खाडी ओलांडू लागल्या.

होडी आणि पाणी यांच्याशी संबंधित कितीतरी शब्द मराठीत आणि उर्दूत एकमेकांचे सख्खे नातेवाईक आहेत. उर्दूत ‘बंदरगाह’ म्हणतात, मराठीत ‘बंदर’. घोडबंदर या नावात तोच शब्द आहे. फारसीतील ‘नाखुदा’ म्हणजे जहाजाचा प्रमुख. कोळीवाड्यात त्याचा ‘नाखवा’ झाला. ‘दरिया’ या शब्दाची तर गंमतच आहे. उर्दूत दरिया म्हणजे नदी आणि मराठीत दर्या म्हणजे समुद्र! म्हणून एखादा मराठी मित्र “आम्ही दर्यावर जातो” असे म्हणाला, तर तो नदीवर निघाला आहे असे समजू नका. उर्दूतील ‘चप्पू’ला मराठीत ‘वल्हे’ म्हणतात. वल्ह्याने होडी चालवणे म्हणजे ‘वल्हवणे’. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा, कारण या पाठात ते पुन्हा पुन्हा येणार आहेत.

आपल्या खाडीत होडी चालते ती कामासाठी. मासे पकडण्यासाठी, माल वाहण्यासाठी, पलीकडे जाण्यासाठी. परंतु जगात अशीही काही शहरे आहेत, की जेथे नदीकाठी केवळ खेळासाठी होड्या ठेवलेल्या असतात. त्या ठेवण्यासाठी काठावर खास घरे बांधलेली असतात. त्यांना नौकाघर किंवा बोटहाऊस म्हणतात. तेथे सकाळी-सकाळी मुले-मुली येतात, होडी खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत नेतात आणि वल्हवण्याचा सराव करतात. ज्या संस्था हा खेळ चालवतात, त्यांना बोट क्लब किंवा रोइंग क्लब म्हणतात. मराठीत या खेळाला नौकानयन असे नाव आहे.

तुम्ही विचाराल, “सर, आपल्याकडे तर एवढी मोठी खाडी आहे. मग इथे असा क्लब का नाही?” प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. त्यालाच आपण भरती-ओहोटी म्हणतो. भरतीच्या वेळी पाणी जोराने आत शिरते आणि ओहोटीला तितक्याच जोराने बाहेर जाते. काठावर गुडघ्याएवढा चिखल उघडा पडतो. समुद्रावरून वारा येतो आणि लाटा उठतात. कोळ्याची होडी रुंद, जड आणि मजबूत असते, म्हणून ती हे सारे सोसते. शर्यतीची होडी मात्र फार नाजूक असते. एका माणसाची शर्यतीची होडी सुमारे आठ मीटर लांब असते, पण रुंदीला इतकी अरुंद की खेळाडू जेमतेम तिच्यात बसतो. तिचे वजन असते अवघे १४ किलोच्या आसपास. पाण्याच्या वर तिची बाजू काही बोटेच उरते. थोडी लाट आली तरी पाणी आत येते. अशा होडीला हवे असते थांबलेले, खोल आणि मोकळे पाणी.

मग नदीत थांबलेले पाणी मिळणार कसे? नदी तर वाहणारीच असते. याचे उत्तर शोधण्यासाठी आपण सह्याद्री ओलांडून पुण्याला जाऊ या.

पुण्यात दोन नद्या भेटतात. मुळशीकडून येणारी मुळा आणि पश्चिमेच्या डोंगरांतून येणारी मुठा. त्या जेथे मिळतात त्या जागेला संगम म्हणतात. तेथून पुढे नदीचे नाव होते मुळा-मुठा. आपली उल्हास नदी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. मुळा-मुठा मात्र पूर्वेकडे जाते. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते.

या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात आटतात. उन्हाळ्यात पाणी टिकावे म्हणून संगमाच्या खालच्या बाजूला, येरवड्याजवळ, १८५० साली नदीवर एक दगडी बंधारा बांधण्यात आला. या कामासाठी सर जमशेटजी जीजीभाई या दानशूर पारशी व्यापाऱ्याने मोठी देणगी दिली. हे नाव तुम्हांला नवीन नाही. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तुम्ही मुंबईला जाताना वांद्रे आणि माहीम यांच्यामधून जो रस्ता जातो, तो माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून बांधला गेला आणि १८४५ साली खुला झाला.

बंधाऱ्याशेजारी एक बाग तयार झाली. तिला लोक ‘बंड गार्डन’ म्हणू लागले. या नावातील ‘बंड’ म्हणजे बगावत नव्हे. पाणी अडवणाऱ्या भिंतीला फारसीत आणि उर्दूत ‘बंद’ म्हणतात. मराठीत आपण बांध किंवा बंधारा म्हणतो. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि आपल्या पद्धतीने लिहिला. पुढे आपणही तो त्यांच्याच उच्चाराने परत घेतला. आज त्या बागेला महात्मा गांधी उद्यान असे नाव आहे, तरी बोलताना लोक बंड गार्डनच म्हणतात.

आता बंधाऱ्याने काय घडले ते पाहा. अरुंद नळीतून पाणी वेगाने धावते. तेच पाणी रुंद हौदात आले की संथ होते. बंधाऱ्यामुळे नदीचे पाणी मागे फुगले. पात्र रुंद झाले, खोली वाढली आणि प्रवाहाचा वेग कमी झाला. नदीच्या मधोमध जणू एक लांबट तलाव तयार झाला. बंधारा बांधला होता पाणी साठवण्यासाठी. खेळाचा विचार कोणी केला नव्हता. पण होडीला हवे असलेले संथ पाणी पुण्याला आयते मिळाले.

त्या काळी पुण्यात आणि खडकीत इंग्रज सैन्याची मोठी छावणी होती. इंग्लंडमध्ये नौकानयनाचे वेड फार. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांची थेम्स नदीवरील पहिली शर्यत १८२९ साली झाली होती. तेथून आलेल्या अधिकाऱ्यांना संथ पाणी दिसल्यावर ते गप्प कसे बसतील? बंधारा झाल्यानंतर अठरा वर्षांनी, १८६८ साली, मुळा-मुठेच्या काठी त्यांचा बोट क्लब सुरू झाला. पुढे त्याला राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट याचे नाव मिळाले. रॉयल कॉनॉट बोट क्लब म्हणून तो आजही ओळखला जातो. ज्या रस्त्यावर तो आहे, त्याचे नावच ‘बोट क्लब रोड’ पडले. पुण्यात रिक्षावाल्याला हे नाव सांगितले, की तो पत्ता विचारत नाही.

असेच अन्यत्रही घडले आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात स्कूलकिल नावाची नदी आहे. शहराला पाणी पुरवण्यासाठी तेथे फेअरमाउंट येथे बंधारा घालण्यात आला. हे काम १८२२ साली पूर्ण झाले. बंधाऱ्यामागे पाणी संथ झाले आणि काठावर एकामागून एक नौकाघरे उभी राहिली. तेथील क्लबांनी एकत्र येऊन १८५८ साली आपली संघटना स्थापन केली. आज ती जुनी घरे एका रांगेत उभी आहेत. रात्री त्यांच्या कडांवर दिव्यांच्या माळा लागतात आणि त्यांचे प्रतिबिंब पाण्यात पडते. पुणे आणि फिलाडेल्फिया यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचे अंतर आहे. तरी दोन्हीकडे क्रम एकच. आधी पाण्यासाठी बंधारा, मग संथ पाणी, आणि मग वल्ही.

कोलकात्याची गोष्ट याच्या उलट बाजूने तेच सांगते. तेथील कलकत्ता रोइंग क्लब १८५८ साली सुरू झाला. प्रारंभी तो हुगळी नदीवर होता. हुगळीला आपल्या खाडीप्रमाणेच भरती-ओहोटी असते, शिवाय जहाजांची ये-जा. पुढे शहराच्या दक्षिण भागात ढाकुरिया येथे मोठा तलाव खोदण्यात आला. त्यालाच आज रवींद्र सरोवर म्हणतात. कोलकात्याचे नौकानयन तेथे गेले आणि तेथेच रमले. म्हणजे पाणी संथ नसेल तर क्लबच संथ पाण्याच्या शोधात निघतो.

आता आपण नौकाघराच्या आत डोकावू. हे घर बंगल्यासारखे नसते. खाली लांबच लांब दालन असते, कारण आठ वल्हेकऱ्यांची होडी सतरा-अठरा मीटर लांब असते. आपल्या शाळेचे दोन-तीन वर्ग एका रांगेत ठेवले तर जेवढी लांबी होईल, तेवढी! दालनात भिंतींना लोखंडी किंवा लाकडी आडवे हात बसवलेले असतात. त्यांवर होड्या एकावर एक अशा मांडलेल्या असतात. बहुतेक होड्या पालथ्या ठेवतात, म्हणजे आतले पाणी निथळून जाते. कोपऱ्यात वल्ही उभी असतात. नदीकडच्या बाजूला रुंद दरवाजा असतो आणि तेथून पाण्यापर्यंत उतार किंवा पायऱ्या असतात. पूर्वी या होड्या हलक्या लाकडाच्या असत. आता त्या बहुधा कार्बनच्या धाग्यांपासून बनवतात. होडी एकट्याने उचलायची नाही, सर्वांनी मिळून उचलायची, हा तेथील पहिला नियम. कोणी एकाने खांदा काढला तर होडीला तडा जाऊ शकतो.

पाण्यात उतरल्यावर आणखी एक गंमत दिसते. वल्हेकरी होडीच्या पुढच्या दिशेला पाठ करून बसतो! आपण कोठून आलो ते त्याला दिसते, कोठे जातो आहोत ते दिसत नाही. आठ जणांच्या होडीत एक नववा असतो. त्याला कॉक्स म्हणतात. तो सुकाणू सांभाळतो, ताल देतो आणि सर्वांच्या वतीने समोर पाहतो. त्याच्या डोळ्यांवर बाकी आठ जणांचा विश्वास असावा लागतो.

विज्ञानाच्या तासाला तुम्ही तरफ शिकला आहात. वल्हे म्हणजे एक तरफच आहे. होडीच्या बाजूला एक कडी असते. वल्हे तिच्यात अडकवलेले असते. वल्हेकरी आपले टोक ओढतो, तेव्हा दुसरे टोक पाण्याला मागे ढकलते आणि होडी पुढे सरकते. पाहणाऱ्याला वाटते, सारा जोर हातांचा आहे. प्रत्यक्षात सर्वांत मोठे काम पायांचे असते. होडीतील बैठक छोट्या चाकांवर पुढे-मागे सरकते. खेळाडू आधी गुडघे दुमडतो, वल्ह्याचे पाते पाण्यात बुडवतो, मग पायांनी जोर देऊन मागे सरकतो आणि शेवटी हात छातीशी आणतो. त्यानंतर पाते पाण्याबाहेर काढून, आडवे करून, हळूच परत येतो. एका शर्यतीत हे शेकडो वेळा करायचे असते. ऑलिंपिकमधील शर्यत २००० मीटरची असते. संघातील एकाचे वल्हे जरा जरी उशिरा पडले, तरी होडी लगेच डळमळते. म्हणून येथे एकट्याने जोर दाखवून चालत नाही, सर्वांचा ताल जुळावा लागतो.

हा खेळ पुण्यात आला, परंतु सुरुवातीला तो सर्वांचा नव्हता. त्या काळी साहेबांच्या क्लबांत हिंदी माणसाला सहसा प्रवेश नसे. होडी उचलायला, धुवायला, दुरुस्त करायला हिंदी हात चालत, पण वल्हे धरायला चालत नसत. नदी आपली, घाम आपला, आणि खेळ मात्र परक्यांचा, अशी ही स्थिती होती.

ती स्थिती बदलण्यात विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली सुरू झाले. रस्ते, पूल, कालवे बांधणारी माणसे तयार करणे हा त्याचा उद्देश होता. ते संगमाजवळ आहे. १९२८ साली तेथे बोट क्लब सुरू झाला. मुळेच्या काठी विद्यार्थ्यांचे स्वतःचे नौकाघर झाले. गावोगावहून आलेली मुले, ज्यांनी आधी फक्त विहीर किंवा ओढा पाहिला होता, ती येथे वल्हवायला शिकली. पुढे मुलीही त्यांच्या बरोबरीने पाण्यात उतरल्या. हे महाविद्यालय २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले, पण बोट क्लबचे वेड कमी झाले नाही.

या क्लबचा ‘रेगाटा’ पुण्यात प्रसिद्ध आहे. रेगाटा हा शब्द मूळचा इटलीतील व्हेनिस शहराचा. त्याचा अर्थ होड्यांची शर्यत. पुण्याचा रेगाटा मात्र शर्यतीपुरता नसतो. परीक्षेचे दिवस जवळ येण्याआधी एका संध्याकाळी विद्यार्थी नदीत होड्यांच्या रचना करून दाखवतात. कधी होड्या बाणाच्या आकारात चालतात, कधी ओळीने वळणे घेतात. अंधार पडला की मशालींचे नृत्य होते. मशाल हा शब्दही मराठीचा आणि उर्दूचा सामाईक आहे. काठावर शेकडो लोक बसलेले असतात. त्यांत जुने विद्यार्थी असतात, शहरातील कुटुंबे असतात. वर्षातून एकदा का होईना, शहर आपल्या नदीकडे पाठ न करता तोंड करून बसते.

पुण्याच्या पाण्याने वल्हेकरी घडवला, त्याचे आणखी एक उदाहरण आपल्या राज्याला अभिमान वाटावा असे आहे. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुका आहे. हा भाग दुष्काळी. तेथील तळेगाव रोही या गावी १९९१ साली दत्तू भोकनळ याचा जन्म झाला. त्याचे वडील विहिरी खोदण्याचे काम करत. दत्तूही त्यांच्याबरोबर दगड फोडायला जाई. वडील २०११ साली वारले. घराची जबाबदारी मोठ्या मुलावर पडली. त्याने पेट्रोल पंपावरही काम केले. २०१२ साली तो भारतीय सैन्यात भरती झाला आणि पुण्याला आला. दापोडी येथे मुळेजवळ लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे सैन्याचे नौकानयन केंद्र आहे. तेथे दत्तूच्या हाती वल्हे आले. ज्या गावात पाण्यासाठी जमीन खोदावी लागे, त्या गावचा मुलगा पाण्यावर धावू लागला.

चार वर्षांनी, २०१६ साली, तो रिओ येथील ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीच्या शर्यतीत उतरला. त्या वेळी त्याची आई गंभीर आजारी होती. त्याने तेरावा क्रमांक मिळवला. पदक मिळाले नाही, पण जगातील उत्तम वल्हेकऱ्यांत त्याची गणना झाली. २०१८ साली इंडोनेशियात आशियाई खेळ झाले. तेथे एकट्याच्या शर्यतीत त्याची प्रकृती बिघडली आणि तो मागे पडला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग या साथीदारांबरोबर तो चौघांच्या होडीत बसला आणि भारताला सुवर्णपदक मिळाले. एकट्याने हरलेला माणूस चौघांत जिंकला. २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

मित्रांनो, साहेबांच्या क्लबपासून विहीर खोदणाऱ्याच्या मुलापर्यंत हा खेळ आला. दरवाजे उघडायला बराच काळ गेला. पण आता एक वेगळीच अडचण उभी राहिली आहे. दरवाजा उघडा आहे, होडी तयार आहे, वल्हे हातात आहे. आणि पाणीच आजारी आहे.

नदी आजारी कशी पडते ते समजून घ्या. पुण्याच्या वरच्या बाजूला खडकवासला, पानशेत यांसारखी धरणे आहेत. त्यांतील स्वच्छ पाणी नळांनी शहराला मिळते. ते आपण वापरतो आणि घाण करून सोडतो. सांडपाण्याचा मोठा भाग पुरेसा शुद्ध न होता नाल्यांतून नदीत येतो. पावसाळा संपला की नदीत वाहणाऱ्या पाण्यात या सांडपाण्याचा वाटा फार मोठा असतो. सांडपाण्यात वनस्पतींना लागणारे खत भरपूर असते. मग नदीत जलपर्णी माजते.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिची जांभळी फुले सुंदर दिसतात, म्हणून शोभेसाठी लोकांनी ती देशोदेशी नेली. परंतु खत आणि ऊन मिळाले, की ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. नदीवर हिरवा गालिचा पसरतो. वरून पाहणाऱ्याला तो मैदानासारखा वाटतो. खाली मात्र सूर्यप्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू कमी होतो, मासे मरतात आणि डास वाढतात. वल्ह्याचे पाते तिच्या मुळांत अडकते. होडी जागच्या जागी थांबते. आणि येथे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. जोराच्या प्रवाहात जलपर्णी वाहून जाते. संथ पाण्यात ती ठाण मांडते. म्हणजे ज्या थांबलेल्या पाण्याने पुण्याला नौकानयन दिले, तेच थांबलेले पाणी घाण झाले तर नौकानयन बंद पाडते. बंधारा वाईट नाही. पण पाणी अडवणाऱ्याने ते स्वच्छ ठेवण्याची जबाबदारीही घ्यावी लागते.

गाळाचेही तसेच आहे. प्रवाह संथ झाला की त्यातील माती खाली बसते आणि पात्र उथळ होते. फिलाडेल्फियालाही हे चुकले नाही. तेथे गाळ इतका साचला, की शर्यतीच्या मार्गात अडथळा येऊ लागला आणि २०२० च्या सुमारास मोठा खर्च करून तो काढावा लागला. रिओच्या ज्या तलावावर दत्तूने वल्ही मारली, त्याच्या दूषित पाण्याचीही तेव्हा जगभर चर्चा झाली होती. म्हणजे हे दुखणे एका शहराचे नाही.

उपायही चालू आहेत. मुळा-मुठा स्वच्छ करण्यासाठी २०१६ साली केंद्र सरकारने जपानच्या अर्थसाहाय्याने सुमारे ९९० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभारणे हा तिचा मुख्य भाग आहे. अशा कामांना वेळ लागतो. पण एवढे निश्चित, की नदीकाठ दगडांनी सजवला आणि पाणी तसेच राहिले, तर काठ शोभेचा होईल, नदी होणार नाही.

नदी बिघडली की शहरातील बहुतेकांना ते कळत नाही. पुलावरून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि पुढे जातो. नौकाघरातील मुलाला मात्र ते पहिल्याच दिवशी कळते. कारण त्याचे वल्हे त्या पाण्यात बुडते आणि त्याचे शिंतोडे त्याच्या अंगावर उडतात. हकीम जसा नाडीवर बोट ठेवून रोग ओळखतो, तसा वल्हेकरी पात्यावरून नदीची प्रकृती ओळखतो. म्हणून नौकाघर हे केवळ होड्या ठेवण्याचे ठिकाण नाही. जेथे तरुण मुले रोज पाण्यात उतरतात, तेथे नदीची विचारपूस करणारे कोणीतरी असते. ज्या दिवशी नौकाघराला कुलूप लागते, त्या दिवशी नदीला विचारणारे कोणी उरत नाही.

आपल्या गावात नौकाघर नाही आणि खाडीच्या स्वभावामुळे कदाचित होणारही नाही. पण पाण्याची नाडी पाहणारी माणसे आपल्याकडेही आहेत. उत्तनच्या एखाद्या अनुभवी नाखवाला भेटा. आपले नाव सांगा, नीट विचारा. जाळ्यात पूर्वी कोणते मासे येत आणि आता काय येते, हे तो तुम्हांला सांगेल. मासळीबरोबर किती प्लॅस्टिक येते, तेही सांगेल. कल्याणकडे उल्हास नदीत वाढणारी जलपर्णी वाहत वाहत खाडीकडे येते आणि खाऱ्या पाण्यात मरते, हे तुम्ही स्वतः पाहू शकाल. घरातील पिशवी नाल्यात टाकली की ती नाल्यातच राहत नाही. नाल्यातून खाडीत, खाडीतून दर्यात, आणि भरतीबरोबर पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर येते.

वल्हेकरी पुढे पाठ करून बसतो, हे तुम्ही वाचले. त्याला समोर पाहणारा एक साथीदार लागतो. आपल्या शहरांचेही तसेच आहे. मोठी माणसे आपापल्या कामाचे वल्हे ओढण्यात गुंतलेली असतात. पुढे काय येत आहे, ते वेळीच पाहून मोठ्याने सांगणारे कोणीतरी हवे. कॉक्स हा बहुधा होडीतील सर्वांत लहान आणि सर्वांत हलका असतो, हे सांगायचे राहिलेच! मग बोला, आपल्या खाडीसाठी ती जागा घ्यायला तुमच्यापैकी कोण तयार आहे?